बियाचं भेदरं

कुंताबाईच्या वाडीत कोणाला जायचं तर खुशाल जावं, पण हात मागे बांधून. घरामागची ती एवढीशी जागा, काट्याच्या कुंपणाची, न्हाणीचं पाणी जिरेल तेवढीच ओली. पण तेवढ्यात बाई वांगी, मिरची, पालक, चवळीचा वेल असं सगळं काढायची आणि कुंपणाला लागून भेदरे लावायची. भेदरं म्हणजे टमाटर. केळझरच्या आसपासची जुनी माणसं अजून भेदरंच म्हणतात. कुंताबाई मात्र बाजारातल्याला टमाटर म्हणायची आणि आपल्याला भेदरं.

"ते टमाटर," ती म्हणायची. "भितीवर फेकून मारलं तरी फुटत नाई. हे भेदरं. नुसतं दाबलं का पाझरलं पाह्यजे."

ह्या भेदऱ्याचं बी तिनं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेराहून पदराच्या गाठीत आणलं होतं. तेव्हापासून दरसाल दुसऱ्या घोसातलं एक चांगलं फळ ती हेरायची, आपल्या जुन्या पातळाची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधायची, आणि मग त्या फळाला घरच्यांची काय, पाखराचीही हात लावायची टाप नव्हती. ते बियाचं भेदरं. लिबलिबीत होईस्तोवर झाडावर ठेवायचं, मग बी काढून राखेत घोळून डब्यात भरायचं. गल्लीतल्या बाया कुंपणावरून चिंधी पाहून सांगत, औंदा कुंताबाईनं जांभळं पातळ फाडलं म्हणून. चिंधी जिची, वाडी तिची, हे सगळ्यांना माहीत होतं.

शालू ह्या घरात सून म्हणून आली त्याला दोन वर्षं होत आली होती. समुद्रपूरकडची पोरगी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात वाढलेली. कमरेला खताची ओटी बांधून ती तासात शिरली की चालता चालता झाडागणिक मूठ सोडायची, आणि मूठ कमीजास्त व्हायची नाही. माहेरी तिचा बाप चारचौघांत सांगायचा, माझ्या शालूसारखा हात कोणाचा नाही. सासरी त्याच हाताला नावं ठेवली गेली.

"पऱ्हाटीचा हात हाये तिचा," कुंताबाई म्हणायची. आंधळी म्हणावं, लंगडी म्हणावं, तसं म्हणायची.

तशी सासू वाईट नव्हती हो. चूल दिली, धान्याची कोठी दिली, गाय दिली, सणावाराला आपल्या गळ्यातली पोत काढून सुनेच्या गळ्यात घातली. वाडी तेवढी दिली नाही. शालू वाडीच्या फाटकाशी उभी राहायची आणि कुंताबाई आतून म्हणायची, "तिथूनच सांग." शालूला ते लागायचं. एखाद्या घरात सगळ्या खोल्या फिरून याव्या आणि एका दाराशी रोज कोणी थांबवावं, तर माणसाला सगळं घर परकं वाटायला लागतं.

आणि औंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. आखाडात बियाचा डबा उघडला तर झाकण सैल, आत उंदराच्या लेंड्या, आणि बी म्हणाल तर तळाशी चिमूटभर. उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून कुंताबाईनं ते सगळंच्या सगळं वाफ्यात टाकलं. मागे राखून ठेवायला दाणा उरला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. पोळा झाला, तिनं चाचपून चाचपून रोपं वाफ्यातून काढून कुंपणालगत लावली, महालक्ष्म्या उठल्या, आणि मग शालूच्या नवऱ्यानं, किशोरनं, तिला वर्धेला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं.

डॉक्टरनं सांगितलं होतं, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि रडायचं नाही.

"रडाचं बी नाई?" कुंताबाईनं विचारलं.

"नाई."

"मंग बाईच्या जातीनं जगाव तरी कसं जी डॉक्टरसाहेब?"

तर अशी ही कुंताबाई ओसरीतल्या बाजेवर काळा चष्मा लावून बसली. रस्त्यानं जाणारे आधी रामराम घालत आणि पुढे जाऊन हसत. दिसत नव्हतं धड, पण घरात भांडं कोणतं पडलं हे तिला आवाजावरून समजत होतं.

"शालू."

"जी आई."

"रोपायनं मूय धरलं असन आता. आज खत द्या लागते. युरिया. किती देशीन?"

शालू पदर खोचून पुढे आली. वाडीचं काम तिला सांगितलं जात होतं.

"चिमूटभर देईन."

"चिमूट कोनाची? तुह्या बापाच्या वावरातली?" कुंताबाईनं तळहात पुढे केला. "मीठ आन. चिमूट टाकून दाखव इथी."

शालूनं मीठ आणलं, सासूच्या तळहातावर चिमूट सोडली. कुंताबाईनं अंगठ्यानं ते दाणे चोळून पाहिले, पसरून पाहिले.

"अर्धी कर."

शालूनं अर्धी केली. बाईनं पुन्हा अंगठा फिरवला.

"हं. एवढीच. बुडापासून चार बोटं दूर टाकजो, पानाले लागू देऊ नोको. माती लोटजो, अन गडवाभर पानी देजो. लेकराचं पोट हाये ते, पऱ्हाटी नाई."

शालू वाडीत शिरली ती चपला काढूनच. भादव्याचं ऊन पाठीवर चटका देत होतं. ती उकिडवी बसून एकेका रोपापाशी सरकत गेली. बोटानं चर काढायचा, अर्धी चिमूट सोडायची, माती लोटायची, पाणी द्यायचं. ओल्या बोटांना युरियाचा गारवा लागत होता. रोपं वीतभर, कोवळी, हात लागला की त्यांचा तो उग्र हिरवा वास येई. दोनदा तिला वाटलं आपल्या हातून जास्त पडलं, दोनदा तिनं दाणे वेचून परत घेतले. पऱ्हाटीत एका दुपारी वावर पालथं घालणारी पोरगी, इथं मूठभर रोपांपाशी वाकवलेले टोंगळे दुखेस्तोवर बसली. बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती आणि मनातून अशी खुश होती, की गाईलाही म्हणाली, "सरक व माय."

"टाकलं आई."

"बुडाले तं नाई लागलं?"

"नाई जी."

"बरं," कुंताबाई म्हणाली. पण तिचं ते बरं काही पुरतं खाली बसलं नव्हतं.

दोन दिवस शालूला तुरीच्या निंदणाला जावं लागलं. तिसऱ्या सकाळी ती हौसेनं वाडीत गेली आणि फाटकातच थबकली.

रोपांनी माना टाकल्या होत्या. पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या, काही पानं आत वळून पापडासारखी कडक झाली होती. शालू धावत जाऊन बसली. बोटानं एका रोपाजवळची माती उकरली तर आत अर्धामुर्धा विरघळलेला पांढरा युरिया, चांगला बोटभर पसरलेला.

एवढं मी टाकलं?

तिला आठवेना. आठवत होती ती अर्धी चिमूट. पण डोळ्यापुढे तर हे होतं. माणसाला आपल्या हातावर एकदा संशय आला की मग आठवणीवरही येतो. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. सवयीनं मूठ सुटली असेल, ह्या मेल्या हातानं. बाप ज्या हाताची तारीफ करायचा त्याच हातानं सासूच्या मायचं बी जाळलं, तिला वाटलं.

मग ती उठली. घमेलं आणलं, रोपांभोवतीची वरची माती बोटांनी खरडून खरडून काढली, मुळांना धक्का न लावता, आणि दूर उकिरड्यापल्याड नेऊन टाकली. बकेटीमागून बकेट पाणी आणून ओतलं, खालचं खत धुऊन जावं म्हणून. पाणी साचलं तिथं पावड्यानं चर काढून दिला. दुपारचं ऊन चढायला लागलं तशी तिनं पेटी उघडली, माहेरची हिरवी साडी काढली, विटलेली पण आवडती, आणि तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, रोवून त्यांच्यावर बांधली. रोपांवर हिरवी सावली पडली.

"शालू! एवढं पानी काऊन टाकून राह्यली व? मघापासून आवाज येऊन राह्यला मले."

"ऊन लय हाये जी आई."

"रोपं कशी हायेत?"

शालू फाटकाशी उभी होती. हात चिखलानं भरले होते.

"चांगली हायेत," ती म्हणाली.

बोलून गेली खरी. पण त्या दिवशी तिनं आपलं ताट तसंच गाईपुढे ठेवलं. घरात जो तो तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो आहे असं तिला वाटायला लागलं. तिचा सासरा, मनोहरराव, वावरातून आला की कधी वाडीकडे फिरकत नसे. तो संध्याकाळी फाटकापर्यंत गेला, आत डोकावला, घसा खाकरला आणि गुपचूप परत आला. जेवताना भाकरीचे तुकडे मोडत बसला. किशोरनं हात धुताना हळूच विचारलं, "रोपायवर साडी काऊन बांधली?"

"उन्हासाठी."

"हं," तो म्हणाला, आणि बायकोच्या डोळ्याला डोळा न देता उठून गेला.

समजलं ह्यांना, शालूला वाटलं. सगळ्यांना समजलं आहे, फक्त बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारची मंदाबाई कढीपत्ता मागायला आली. मंदाबाईचं तोंड म्हणजे गावचा भोंगा. तिनं कुंपणावरून मान काढली आणि "अवो माय! हे काय झा..." एवढं बोलून एकाएकी गप्प झाली. शालूनं हात जोडून ओठांवर बोट ठेवलं होतं खरं, पण मंदाबाई तेवढ्यानं गप्प होणारी बाई नव्हे. ती साडीखालच्या रोपांकडे पाहत राहिली, रंग उतरल्यासारखी, आणि कढीपत्ता न नेताच घरी गेली.

रोपं जातच होती. एक आज आडवं व्हायचं, दुसरं उद्या. शालू सकाळ-संध्याकाळ मेलेली उपटायची, पदराखाली घेऊन उकिरड्यावर टाकायची.

डोळ्यात थेंब टाकायचं काम तिच्याकडेच होतं. त्या दिवशी तिनं सासूची मान मागे केली, पापणी उचलली. कुंताबाई खुशीत होती.

"डॉक्टरनं चष्मा काढू देल्ला का पयले वाडीत जातो मी. औंदा दोन फयाले चिंधी बांधतो. उंदराचा भरोसा नाई. माह्या मायचं बी, डब्यात दाना नाई उरला व. तूनं सांभायलं म्हनून."

शालूचा हात हलला. थेंब डोळ्यात पडायच्या ऐवजी गालावर पडला.

"आई, रोपं जयली."

"काय?"

"माह्याच हातून जास्त पडलं असन खत. मी खोटी बोलली तुमच्यासंग. अर्ध्याच्या वर गेली. जे हायेत त्याहीचं बी काई सांगता येत नाई."

कुंताबाई ओरडेल, भांडं फेकेल, माहेर काढेल, ह्या सगळ्याची शालूनं तयारी केली होती. कुंताबाईनं काहीच केलं नाही. ती तशीच वर आढ्याकडे तोंड करून बसली. मग हळूच म्हणाली, "पऱ्हाटीचा हात." आणि बाजेवर आडवी होऊन भिंतीकडे वळली.

"आई, रडू नका जी. डॉक्टरनं..."

"मालूम हाये मले!"

ती जेवली नाही. संध्याकाळी शालू थेंबाची बाटली घेऊन गेली तर तिनं हातानं बाजूला सारली. "तुह्या हातचा थेंब नोको मले. त्याहीले सांग."

आता हे शालूला खताच्या चटक्यापेक्षा जास्त झोंबलं. दुसऱ्या घरातला माणूस असता तर काही बोलला असता. मनोहररावानं मुकाट्यानं बाटली घेतली, थेंब टाकला, आणि सुनेकडे न पाहता ओसरीवरून उतरला. किशोर बैलाच्या अंगावरून हात फिरवत राहिला. बैलाची काही एवढं कौतुक करून घ्यायची वेळ नव्हती ती. शालूला वाटलं, ज्यानं आपल्या बाजूनं बोलावं तोही बोलत नाही. ती चुलीपुढे बसून राहिली.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते झालं.

मनोहरराव वावरातून आला, हातपाय धुतले, बायकोच्या डोळ्यात थेंब टाकला आणि परसाकडे गेला. थोड्या वेळानं किशोर आला. सुनेच्या हातचा थेंब आई घेत नाही हे त्याच्या जिवाला लागलं होतंच. तो म्हणाला, "आई, मान वर कर," आणि तिनं तोंड उघडायच्या आत थेंब टाकून मोकळा झाला. कुंताबाई डोळा मिचकावत काही बोलणार, तोवर मंदाबाई ओसरीत चढली. "शालूच्या हातचा घेत नाई म्हने तुमी. आना मी टाकतो," असं म्हणत तिनं किशोरच्या हातातली बाटली घेऊन तिसरा थेंब टाकलाही.

"अरे!" कुंताबाई ताडकन उठून बसली. गालांवरून औषध वाहत होतं. "डोया हाये का न्हानीचा डोबरा? जो येते तो टाकून राह्यला! आता तं ह्याच्या बापानं टाकला! एकानं टाकलं तं दुसऱ्यानं इचाराव का नाई? तोंडं नाईत का तुमाले? जयून जाईन ना माहा डोया!"

मंदाबाईनं बाटली पाठीमागे लपवली.

मनोहरराव परसातून येऊन दारात उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"किशोरची माय," तो म्हणाला, "एक सांगू का? त्या रोपाले खत मी बी टाकलं होतं."

"काय?"

"तूच तं म्हनली. ज्या दिवशी शालूनं टाकलं त्याच दिवशी, दुपारी. पोरीनं भेऊन कमी टाकलं असन, तुमी जरा हात फिरवून या, पन तिले सांगू नोका, वाईट वाटन तिले. मी टाकलं. मले वाटलं माह्याच हातून जयलं. म्हनून बोललो नाई."

किशोर वळला. "बाबा? मले बी आईनं हेच सांगतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकायी मी टाकून वावरात गेलतो. शालूले सांगू नोको म्हने."

"माय माय माय," मंदाबाई मटकन खाली बसली. "अन मी? मले म्हनल्या का घरच्याहीचं काई खरं नाई मंदे, तूच टाक. माह्या घरी युरिया नव्हता, मी आपलं कोंबड्याचं खत पान्यात कालवून टाकलं. ताजं. तवापासून मले डोयाले डोया नाई माय, मले वाटलं मीच मारली रोपं कुंताबाईची!"

शालू दाराच्या चौकटीशी उभी होती, हातात परात तशीच. तिनं परात खाली ठेवली. ती उंबऱ्यावर बसली. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, पिठानं भरलेल्या, त्या बिचाऱ्या हाताकडे, ज्याला ती इतके दिवस शिव्या घालत होती. तिला वाटलं ह्या हाताची माफी मागावी. छातीवरची पाटी कोणी उचलून खाली ठेवावी तसं झालं तिला, मोकळं, इतकं मोकळं की हसू येतं की रडू हे तिला समजेना.

मनोहररावाला मात्र हसू आलं. आधी नाकात आलं, मग दाबलं, मग फुटलंच. "चौघायनं मिळून जेवू घातल्यावर काय होईन व? धोंड्याच्या महिन्यात आलेला जवाई बी मेला असता!"

मंदाबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागली. किशोर हसला. कुंताबाई हसली नाही. ती बाजेवर ताठ बसून होती, चष्म्याच्या काळ्या काचांमागे काय चाललं होतं देव जाणे. मग म्हणाली, "शालू. इकडे ये."

शालू गेली.

"तूनं किती टाकलं होतं?"

"तुमी मिठानं दाखवली तेवढीच. अर्धी चिमूट."

"ह्या अंगठ्यानं मी मापून घेतली होती," कुंताबाई म्हणाली आणि आपला अंगठा चोळत राहिली. "मापून घेतली, अन तरी भरोसा ठेवला नाई. एकावर बी भरोसा नाई म्हनून तिघायले सांगतलं, अन नाव घेतलं तुह्या हाताचं. उंदरानं अर्धं खाल्लं अन मी अर्धं." तिनं चाचपडत मंदाबाईच्या हातातली बाटली घेतली आणि सुनेच्या हातात दिली. "हे तुह्याजवळ ठेव. संध्याकायचा थेंब तूच टाकजो. दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नोको. अन काई भाकर असन तं आन, कालपासून पोटात काई नाई."

शालूनं कढीसोबत भाकर वाढली. तीन भाकरी खाल्ल्या बाईनं.

"आता रोपाचं काय करू जी आई?" शालूनं विचारलं. "शेनाचं पानी देऊ का थोडं?"

"काई करू नोको. वरची माती तूनं काढली, पानी देल्लं, सावली केली, झालं. आता मुकाट्यानं बसाचं. हेच भारी काम असते." तिनं ओसरीतल्या सगळ्यांकडे काळा चष्मा फिरवला. "सगळ्यायनं."

बसले बापा सगळे मुकाट्यानं. फाटकाशी कोणी गेलं की शालू स्वैपाकघरातून विचारायची, "कोन हाये?" आणि मनोहररावसुद्धा म्हणायचा, "कोनी नाई, कोनी नाई, पाहून राह्यलो फक्त." उरलेली रोपं बरेच दिवस नुसती उभी होती, ना जात ना वाढत. मग एका सकाळी शालूला एका रोपाच्या बगलेत हिरवा ठिपका दिसला. तिनं डोळे जवळ नेऊन पाहिलं. कोंब होता. दुसऱ्यालाही होता. ती तशीच धावत ओसरीत आली.

"आई, फुटले! कोंब फुटले!"

"ओरडू नोको," कुंताबाई म्हणाली, आणि स्वतःच ओरडली, "मंदे! ऐकलं का व, फुटले!"

डॉक्टरनं चष्मा काढायला परवानगी दिली त्या दिवशी कुंताबाई एसटीतून उतरली ती घरात न जाता वाडीकडेच. शालूनं दंड धरला होता. वाकायची अजून मनाई, म्हणून बाई कमरेवर हात ठेवून उभ्यानंच पाहत राहिली. झाडं आता टोंगळ्याला लागली होती.

"माय!" ती म्हणाली. "याच्या देठाले लव हाये व! किती वर्षं झाली, मले दिसतच नव्हती." आणि मग, "हे पिवळं काय? कळी हाये का?"

"हो जी. कालच दिसली."

"मंग आता युरिया बंद. नाई तं नुसतं पाल्यावर जाईन. चुलीतली राख देजो चाळून, अन जुनं शेनखत." ती थांबली. शालू वाट पाहत होती, किती ते ऐकायला.

"किती देऊ?"

"मले काय इचारते?" कुंताबाई म्हणाली. "तुले वाटन तेवढं दे." आणि फाटकाबाहेर काढून ठेवलेल्या शालूच्या चपला तिनं आपल्या पायानं आत सरकवल्या.

शालूनं राख चाळली, शेणखत कुस्करलं, झाडांभोवती आळं करून टाकलं. काम झालं की घमेलं कुंपणाच्या खुंटावर पालथं घालायचं, म्हणजे आज झाडं जेवली, असा नवा कायदा तिनं काढला. घरात सगळ्यांना तो लागू होता. किशोर आईला चिडवायचा, "आई, तुह्यासाठी बी एक घमेलं ठेवू का, दिवसातून कितीदा चहा झाला समजन." मंदाबाई तर कुंपणावरून आधी घमेलं पाहायची आणि मगच बोलायला सुरुवात करायची.

दिवाळी झाली आणि भेदरे पिकायला लागले. झाडं थोडी उरली होती, पण लागली मनापासून. पहिल्या तोड्याची चटणी शालूनं चुलीत भाजून, लसूण-मिरची घालून केली. मनोहररावानं भाकर पुसून पुसून ताट कोरडं केलं. किशोर सेलूच्या बाजारातून आला तेव्हा त्याला चाटायला तवलीचं बूड उरलं होतं, आणि त्यानं ते चाटलं.

एका सकाळी कुंताबाई वाडीत उभी राहून एकेक घोस उलटून पाहत होती. एक घोस तिला पटला. त्यातलं एक फळ, देठाशी हिरवी छटा असलेलं, तिनं बोटांवर तोलून पाहिलं.

"शालू, कात्री आन."

शालूनं कात्री आणली, आणि सासूचं जुनं किरमिजी पातळही आणलं, चिंधीसाठी घडी करून ठेवलेलं. कुंताबाईनं पातळाकडे पाहिलंही नाही. कुंपणाच्या कडेला अजून तुऱ्हाट्यांवर ती हिरवी साडी लोंबत होती, उन्हापावसानं पार विरलेली. बाईनं तिचा काठ धरला, कात्रीनं टोक कापलं आणि टरकन लांब पट्टी फाडली.

"आई, ते माही साडी हाये जी."

"मंग? आंधळी हावो का मी आता?" ती पट्टी तिनं शालूच्या हातात दिली. "बांध. घट्ट नोको, देठ कापन. सैल नोको, गयून पडन. तुले समजते."

शालूनं बांधली, गाठ बरोबर बसली. हिरव्या पानांत हिरवी चिंधी.

तेवढ्यात कुंपणावरून मंदाबाईची मान वर आलीच. तिनं आधी खुंटावरचं घमेलं पाहिलं, मग चिंधी पाहिली, मग कपाळाला आठ्या घातल्या.

"कुंताबाई, हे कोनतं पातळ फाडलं औंदा? तुमचं तं नाई दिसत."

"माहे डोये उघडले अन तुहे फुटले का व मंदे?" कुंताबाई म्हणाली. "वाडी जिची, तिचं हाये."

मंदाबाईची मान कुंपणामागे खाली गेली.  शालू घमेलं उचलायचं निमित्त करून न्हाणीत गेली आणि तिथं बसून पोटभर रडून घेतलं, कारण तिला कोणत्याच डॉक्टरनं मनाई केली नव्हती.